वारा येतो कुठून?

जळकोटहून एक पत्र आलं आहे, बारावीत शिकणाऱ्या एका मुलीचं. नाव छापू नका, अशी तिची विनंती आहे आणि ती आम्ही पाळतो. या सदरात दोन महिन्यांपूर्वी आम्ही कृष्णविवराविषयी लिहिलं होतं. तो मजकूर तिनं सोयाबीनची रास चालू असताना, शेतात बल्बच्या उजेडात बसून आपल्या दादांना वाचून दाखवला. दादांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि शेवटी एवढंच म्हणाले, "अंदर गया सो बाहर कैसा आया फिर?"

सवाल रास्त आहे. आम्ही जुना अंक काढून पाहिला. कृष्णविवरात गेलेलं काहीच परत येत नाही, प्रकाशसुद्धा नाही, असं आम्ही एका परिच्छेदात लिहिलं होतं. आणि त्याच पानावर खाली, "कृष्णविवरांतून प्रचंड वारे बाहेर सुटतात" असंही लिहून मोकळे झालो होतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. अंक छापून गेला, घरोघरी वाचला गेला, पण ही विसंगती पकडली ती जळकोटच्या शेतात बसलेल्या एका म्हाताऱ्या माणसानं. पत्राच्या शेवटी मुलीनं स्वतःचाही एक सवाल विचारला आहे. त्याचं उत्तर द्यायला आम्हाला जास्त वेळ लागला. आधी दादांचा सवाल घेऊ.

चूक "कृष्णविवरांतून" या एका शब्दात होती. वारा कृष्णविवरातून येत नाही, कृष्णविवराच्या दारातून येतो. दादांना हे सांगणं सोपं आहे, कारण मळणीयंत्र त्यांच्या समोरच चालू होतं. पोत्यात पडलेला दाणा काही उडून परत येत नाही. पण पोत्यापर्यंत जाण्याआधीच गुळी वेगळी होते आणि दुसऱ्या तोंडानं जोरात बाहेर फेकली जाते. पोतं म्हणजे कृष्णविवर, असं धरा. जे फेकलं जातं ते पोत्यात कधी गेलेलंच नसतं.

प्रत्येक मोठ्या दीर्घिकेच्या मध्यभागी असं एक पोतं असतं, असं आता मानलं जातं. आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागी आहे त्याचं वजन सुमारे ४० लाख सूर्यांइतकं आहे, पण सध्या ते जवळपास उपाशी आहे. काही दीर्घिकांमध्ये मात्र मध्यभागी भरपूर वायू ओढला जातो. हा वायू सरळ आत पडत नाही. तो गोल गोल फिरत एक तबकडी बनवतो, घासतो, तापतो आणि लखलखतो. सूर्याच्या पोटात हायड्रोजन एकत्र येताना त्याच्या वस्तुमानाचा १ टक्क्याहून कमी भाग ऊर्जा होतो. या तबकडीत साधारण १० टक्क्यांपर्यंत होऊ शकतो. म्हणून एवढासा मध्य कधी कधी सगळ्या दीर्घिकेतल्या ताऱ्यांपेक्षा जास्त तेजस्वी दिसतो. अशा दीर्घिकांना सक्रिय दीर्घिका म्हणतात. कार्ल सायफर्ट या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञानं १९४३ मध्ये अशा काही दीर्घिकांचा अभ्यास छापला, म्हणून त्यांतल्या एका मोठ्या गटाला आजही सायफर्ट दीर्घिका हेच नाव आहे.

तबकडीचा आतला भाग लाखभर अंश तापलेला असतो आणि त्यातून मुख्यतः अतिनील किरण निघतात. तिच्या आसपास आणखी विरळ, पण शंभर कोटी अंशांच्या घरातला वायू असतो, तिथून क्ष-किरण येतात. इतका झगझगीत प्रकाश स्वतःच धक्का देतो. जवळच्या वायूतले अणू तो प्रकाश शोषतात आणि त्या धक्क्यानं बाहेर ढकलले जातात. चुंबकीय क्षेत्रंही वायूला गोफणीसारखं भिरकावतात. कुठे प्रकाशाचा जोर जास्त आणि कुठे चुंबकाचा, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. पण वायू बाहेर सुटतो, याविषयी आता शंका उरलेली नाही.

मग पुढचा सवाल दादांनी विचारला नसला तरी आम्हीच विचारतो. तिथे जाऊन पाहिलं कुणी? कुणीच नाही. सगळा पुरावा, जो प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचला नाही, त्याचा आहे.

राशीच्या वेळी बल्ब आणि आपल्यामध्ये गुळीची धूळ उडाली की बल्ब मंद दिसतो. धूळ न पाहताही, नुसत्या बल्बकडे बघून आपण म्हणतो की मध्ये काहीतरी आलं. वायूचं याहून बरं आहे. धूळ सगळाच प्रकाश थोडा थोडा अडवते, वायू मात्र निवडून अडवतो. प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक रंगाचाच प्रकाश शोषतं. प्रकाश वर्णपटात पसरून पाहिला की त्या त्या जागी काळ्या रेघा दिसतात. अर्धीमुर्धी इलेक्ट्रॉन गमावलेला कार्बन सुमारे १५५ नॅनोमीटरला रेघ ओढतो. तो नायट्रोजन किंवा ऑक्सिजन असेल तर रेघ दुसऱ्या ठिकाणी. जणू प्रत्येकाचा अंगठा वेगळा.

आणि रेघ जागेवरून सरकलेली असेल तर तिच्यातून वेग कळतो. एस.टी. हॉर्न वाजवत आपल्याकडे येते तेव्हा आवाज बारीक होतो, दूर जाताना जाड. प्रकाशाचंही तसंच आहे. वायू आपल्या दिशेनं येत असेल तर रेघ निळ्या बाजूला सरकते. १५५ नॅनोमीटरची रेघ अर्धा नॅनोमीटर सरकलेली सापडली, तर वायू सेकंदाला सुमारे १००० किलोमीटर वेगानं येतो आहे. या वेगानं जळकोटहून मुंबई गाठायला एक सेकंदही लागणार नाही. १९६९ मध्ये अँडरसन आणि क्राफ्ट या दोघांनी एनजीसी ४१५१ या सायफर्ट दीर्घिकेत अशा निळीकडे सरकलेल्या रेघा दाखवल्या. वाऱ्याचा पहिला ठसठशीत पुरावा तोच, असं म्हणायला हरकत नाही.

आता अतिनील आणि क्ष-किरण, दोन्ही कशाला? आम्हालाही आधी हे जादा वाटत होतं. पण वाऱ्यातला सगळा वायू एकसारखा नसतो. जो तुलनेनं थंड आहे, ज्याचे तीन-चारच इलेक्ट्रॉन सुटले आहेत, तो अतिनीलमध्ये रेघा ओढतो. या रेघा फार बारकाईनं मोजता येतात, सेकंदाला दहा-वीस किलोमीटरचा फरकसुद्धा लपत नाही. पण जो वायू इतका भाजला गेला आहे की ऑक्सिजनच्या आठपैकी एक आणि लोखंडाच्या सव्वीसपैकी एकच इलेक्ट्रॉन शिल्लक आहे, तो अतिनीलमध्ये जवळपास अदृश्यच असतो. त्याच्या रेघा क्ष-किरणांत. आणि वाऱ्याचं बरंचसं वजन याच भाजलेल्या वायूत असतं. एकाच डोळ्यानं पाहिलं तर वेग कळेल पण वजन निसटेल, किंवा वजन कळेल पण बारकावा जाईल. शिवाय हे दोन्ही किरण पृथ्वीच्या हवेत अडतात. ते अडतात म्हणून आपण जगतो, पण त्यामुळेच दुर्बीण उपग्रहावर बसवून वर पाठवावी लागते.

याचा सगळ्यात चांगला किस्सा एनजीसी ५५४८ चा आहे. ही दीर्घिका भूतप तारकासमूहात आहे, जिथे आपला स्वाती तारा चमकतो. अरब खलाशी याच स्वातीला अस-सिमाक अर-रामिह म्हणत. दीर्घिका सुमारे २४ कोटी प्रकाशवर्षं दूर आहे. २०१३ मध्ये नेदरलँड्सच्या येले कास्ट्रा यांच्या नेतृत्वाखाली अभ्यासकांनी तिच्यावर एकदम सहा अवकाश-वेधशाळा रोखल्या, त्यात क्ष-किरणांची एक्सएमएम-न्यूटन होती आणि अतिनीलसाठी हबल. ओळखीचा जुना, संथ वारा नीट मोजावा एवढाच हेतू होता. पाहतात तर सौम्य क्ष-किरणांपैकी सुमारे ९० टक्के गायब! मध्यापासून काही प्रकाशदिवसांच्या अंतरावर वायूचा एक नवाच दाट लोट मध्ये आला होता, वेग सेकंदाला ५००० किलोमीटरपर्यंत. हबलच्या अतिनील वर्णपटातही त्याच वेळी नव्या रुंद रेघा उमटल्या होत्या. दोन्ही डोळे एकदम उघडे नसते, तर दीर्घिका मंदावली असंच लिहून सगळे उठले असते. वास्तविक दिवा तेवढाच जळत होता. मध्ये पडदा आला होता.

त्या पडद्यानं एक उपकारही केला. पलीकडचा जुना वारा सावलीत गेला, थोडा निवला आणि त्याच्या नव्या रेघा अतिनीलमध्ये दिसू लागल्या. त्यांवरून त्याच्या मुख्य भागाचं मध्यापासूनचं अंतर काढता आलं. ते निघालं सुमारे ११ प्रकाशवर्षं.

या अंतरावर आम्ही थोडं थांबणार आहोत, कारण सगळी अडचण इथेच आहे. रेघेवरून वेग कळतो, वायूचं प्रमाण कळतं, तो किती भाजला आहे हेही कळतं. पण तो दिव्यापासून किती लांब आहे हे थेट कळत नाही. विरळ वायू लांब असला किंवा दाट वायू जवळ असला, तरी भाजण्याची मात्रा सारखीच येऊ शकते. चुलीजवळ ठेवलेलं मोठं पातेलं आणि निखाऱ्यावर ठेवलेली लहान वाटी, दोन्ही कोमट असल्या तर नुसत्या हात लावून कोणती कुठे होती ते सांगता येईल का? अंतर चुकलं की दर वर्षी किती सूर्यांइतका वायू बाहेर जातो हा हिशोब दहापट, शंभरपटसुद्धा चुकतो. म्हणून कुणी वर्तमानपत्रात "कृष्णविवर वर्षाला इतके सूर्य ओकतं" असं छातीठोक लिहिलं, तर वाचकांनी आधी अंतर कसं काढलं हे विचारावं. आमच्या सदरालाही हेच विचारावं.

या हिशोबाला एवढं महत्त्व का? कारण तारे वायूपासून बनतात. वारा पुरेसा जड आणि वेगवान असेल, तर तो दीर्घिकेतला वायू तापवून किंवा हुसकावून लावू शकतो. मग नवे तारे जन्मणं थांबतं. दीर्घिकेचा मधला फुगीर भाग आणि तिचं कृष्णविवर यांच्या वजनांचं प्रमाण बऱ्याच ठिकाणी ठरावीक सापडतं, हजाराला एक किंवा त्याच्या आसपास. एवढ्याशा वस्तूला एवढ्या मोठ्या घराची खबर कशी लागते? निरोप पोहोचवणारा हा वाराच असावा, असा संशय आहे. संशयच म्हणू, शाबित झालेलं नाही.

उलट ताज्या निरीक्षणानं गुंता वाढवला आहे. जपानची एक्सरिझम ही क्ष-किरण वेधशाळा ७ सप्टेंबर २०२३ ला वर गेली. तिचं मुख्य उपकरण जवळजवळ निरपेक्ष शून्यापर्यंत थंड ठेवलेलं असतं. एकेक क्ष-किरण येऊन आदळला की त्याचा कप्पा किंचित गरम होतो, आणि ती ऊब मोजून किरणाची ऊर्जा सांगितली जाते. कप्पे फक्त ३६. त्यातही त्याच्यावरचं एक झाकण वर गेल्यावर उघडलंच नाही, त्यामुळे कमी ऊर्जेचे किरण हातचे गेले. तरी त्या बंद झाकणातून तिनं पीडीएस ४५६ या दोनशे कोटींहून अधिक प्रकाशवर्षं दूर असलेल्या क्वेसारकडे पाहिलं. त्याचा वारा प्रकाशाच्या वेगाच्या पाव हिश्शाच्या आसपास धावतो हे २०१५ मध्येच माहीत झालं होतं. मात्र तो एकसलग समजला जात होता. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या निकालात त्याच्या जागी वेगवेगळ्या वेगांचे किमान पाच लोट दिसले. वारा नव्हे, गोफणीतून सुटलेले गुंडे. त्यांच्यात ऊर्जा इतकी निघाली की दीर्घिकेत लांबवर दिसणाऱ्या मंद वाऱ्यांशी तिचा मेळच बसत नाही. बाकीची ऊर्जा गेली कुठे? कदाचित लोटांच्या मधल्या फटींतून तशीच निसटून जात असेल.

आता मुलीचा सवाल. तिनं लिहिलं आहे की तिला फिजिक्स आवडतं, घरी मात्र बारावीनंतर नर्सिंगला जा किंवा घरी बस, या दोन्हींवर बोलणं चालू आहे. "हे सगळं शिकायला पुण्या-मुंबईलाच जावं लागतं का? तेवढं असेल तर अब्बा नाहीच म्हणतील."

आम्ही चौकशी केली आणि आम्हालाच थोडी लाज वाटली. कारण या सदरात आम्ही नेहमी नासा आणि हबल करत आलो, शेजारी पाहिलंच नाही. नांदेडच्या विष्णुपुरीतल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातून गेली अनेक वर्षं याच विषयाच्या आसपास संशोधन छापून येत आहे. २०१२ मध्ये प्रा. एम. के. पाटील आणि सहकाऱ्यांनी कालेय तारकासमूहातल्या एनजीसी ६३३८ या दीर्घिकेचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिच्याभोवतीच्या तापलेल्या वायूत क्ष-किरण चित्रांमध्ये पोकळ्या दिसतात. मधल्या कृष्णविवराजवळून सुटलेल्या झोतांनी वायू बाजूला सारून पाडलेले ते बुडबुडे आहेत. हा वर सांगितलेल्या वाऱ्याहून वेगळा प्रकार आहे. पण सवाल तोच, की मध्यातून किती ऊर्जा बाहेर आली? आणि युक्तीही तशीच, जिथे प्रकाश कमी आहे तिथे पाहायचं. बुडबुडा जितका मोठा आणि भोवतीच्या वायूचा दाब जितका जास्त, तितकी तो फुगवायला ऊर्जा लागली असणार.

२०१७ मध्ये नांदेड आणि पुण्याच्या आयुकातल्या अभ्यासकांनी मिळून १एच ०७०७-४९५ या सायफर्ट दीर्घिकेच्या अतिनील आणि क्ष-किरणांच्या चढउतारांवर शोधनिबंध लिहिला. हिचे क्ष-किरण काही तासांत कितीतरी पटींनी खालीवर होतात, अतिनील प्रकाश मात्र फारसा हलत नाही. समोरून वायूचे ढग सरकतात म्हणून असं होतं, की कृष्णविवराच्या अगदी जवळ प्रकाश वाकतो म्हणून, यावर जगभर वाद आहे. त्या वादात आपल्या विष्णुपुरीचाही आवाज आहे! या विषयावरच्या इतर शोधनिबंधांवर लातूरचं दयानंद विज्ञान महाविद्यालय आणि उदगीरचं महाराष्ट्र उदयगिरी महाविद्यालय असे पत्तेही आढळतात. जळकोटची मुलं ज्या उदगीरला एस.टी.नं रोज जाऊन येतात, तेच उदगीर.

हे जमतं कसं? चंद्रा किंवा एक्सएमएम-न्यूटनची निरीक्षणं ठरावीक मुदतीनंतर सगळ्यांसाठी खुली होतात. संगणक, इंटरनेट आणि सबुरी असेल तर नांदेडमध्ये बसूनही ती उतरवून घेता येतात. आपल्या देशाचा ॲस्ट्रोसॅट २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून गेला. त्यावर अतिनील आणि क्ष-किरण दुर्बिणी एकत्रच बसवल्या आहेत, त्यातली सौम्य क्ष-किरणांची दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाली. वाऱ्याच्या बारीक रेघा मोजणं हे त्याचं काम नाही. पण मागचा दिवा दोन्ही प्रकाशांत एकाच वेळी किती प्रखर आहे ते तो सांगतो, आणि त्याशिवाय वाऱ्याचा हिशोब सुरूच होत नाही. त्याची माहिती वापरणाऱ्यांना मदत करणारा कक्ष आयुकातच आहे.

तेव्हा बेटी, अब्बांना असं सांग. आधी उदगीर किंवा लातूरला बी.एस्सी., मग नांदेडला एम.एस्सी. इथवर घर फार दूर नाही. पुढे पीएच.डी.साठी जेस्टसारख्या परीक्षा असतात, त्या तेव्हा पाहू. गणित सोडू नकोस आणि संगणकावर प्रोग्राम लिहायला आत्तापासून शीक. या कामात दुर्बिणीला डोळा लावणं जवळपास नसतंच, दिवसचे दिवस आकड्यांशी झुंज असते, हेही खरं. नोकरीची हमी आम्ही देत नाही, ती देणाऱ्यांवर विश्वास ठेवू नकोस. नर्सिंग वाईट नाही, तीही इज्जतीची रोजी आहे. पण नांदेड दूर आहे म्हणून फिजिक्स सोडायचं असेल, तर आधी अब्बांनी एकदा विष्णुपुरीला जाऊन यावं. एक दिवसाचं काम आहे.

आणि दादांसाठी. जळकोटच्या आकाशात शहराचा उजेड कमी आहे, त्याचा फायदा घ्या. या महिन्यात अमावास्येच्या आसपास, इशानंतर नऊच्या सुमारास डोक्यावर चार ताऱ्यांचा मोठा चौकोन दिसेल, पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदांचा. त्याच्या ईशान्य कोपऱ्यातल्या ताऱ्याला अल्फेराट्झ म्हणतात, अरबीतल्या घोड्याच्या बेंबीवरून. तिथून ईशान्येकडे दोन तारे मोजा आणि उत्तरेकडे वळून आणखी दोन लहान तारे. दुसऱ्याच्या शेजारी कापसाच्या पुंजीसारखा डाग दिसेल. तीच देवयानी दीर्घिका, २५ लाख प्रकाशवर्षं दूर. इ.स. ९६४ च्या सुमारास अब्दुर्रहमान अस-सूफी यांनी आपल्या ताऱ्यांच्या किताबात तिची नोंद लहानसा ढग अशी केली. ती दीर्घिका आहे हे त्यांना माहीत होतं असं काही लोक सांगतात, ते खरं नाही. त्यांनी दिसलं तेवढंच लिहिलं आणि आम्हाला त्यांची तीच गोष्ट आवडते. देवयानीच्या मध्यातही कोट्यवधी सूर्यांच्या वजनाचं कृष्णविवर आहे, पण सध्या तिथली रास बंद आहे.

डाग दिसला का, ते दादांना विचारून कळव. चष्मा लावून पाहा म्हणावं, आणि त्याआधी दहा मिनिटं बल्ब बंद ठेवा.